सही कुणाची?

जून 2022 च्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडच्या बऱ्याच मंडळींना अचानक अभिमानाचं भरतं आलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 24 जूनला डॉब्ज खटल्याचा निकाल दिला आणि 1973 च्या रो विरुद्ध वेड निकालाने मिळालेला गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. लगेच संपादकीयांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून एकच सूर निघाला: बघा, जगाला स्वातंत्र्य शिकवणाऱ्यांची ही गत, आणि आपण मात्र 1971 सालीच हा प्रश्न सोडवून मोकळे झालो. तारखांचा हिशेब बरोबर आहे. आपला वैद्यकीय गर्भपात कायदा रो निकालाच्या आधीचा. 1 एप्रिल 1972 ला तो लागूही झाला. पण प्रश्न सुटला हे खरं नाही. आपण तो डॉक्टरच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि पन्नासहून अधिक वर्षं तो तिथेच पडून आहे.

या कायद्याचं कलम 3 कुणीही स्वतः वाचावं. ते सुरू होतं डॉक्टरपासून. नोंदणीकृत डॉक्टरने ठरलेल्या अटी पाळून गर्भपात केला तर तो गुन्हेगार ठरणार नाही, असं ते सांगतं. बाईला अमुक करण्याचा हक्क आहे, असं सांगणारं वाक्य त्यात सापडत नाही. यात नवल नाही. 1964 साली केंद्राने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. सुईणी-वैदूंकडे जाऊन, काड्या घालून घेऊन बायका मरत होत्या, आणि 1860 च्या दंडसंहितेच्या भीतीने शिकलेले डॉक्टर हात लावत नव्हते. समितीला ही अडचण सोडवायची होती. डॉक्टरला कायद्याचं कवच दिलं की बायका दवाखान्यात येतील, असा तो सरळ व्यवहारी विचार होता, आणि त्याने असंख्य जीव वाचवले. त्याबद्दल शाह समितीचे आभारच मानायला हवेत. मात्र कवच डॉक्टरला मिळालं. बाईला मिळाली ती डॉक्टरची मर्जी.

याचा अर्थ काय होतो, तो तालुक्याच्या ओपीडीत दिसतो. पाळी चुकलेली बाई येते. आवाज खाली घेऊन सिस्टरला सांगते, दिवस गेलेत, पिशवी साफ करायचीय. पहिला प्रश्न येतो: "बरोबर कोण आलंय?" दुसरा: "मिस्टर कुठायत? त्यांची सही लागेल." अठरा वर्षांवरच्या बाईच्या बाबतीत कायद्याला फक्त तिची स्वतःची संमती लागते, नवऱ्याची सही कुठल्याच कलमात नाही. तरी ती मागितली जाते, कारण उद्या नवरा दारात येऊन तमाशा करेल ही डॉक्टरची भीती कलमापेक्षा मोठी असते. पहिल्या दोन मुली असतील तर तिसरा प्रश्न येतो, "सोनोग्राफी कुठं केलीस?" आणि काही ठिकाणी वर अट: कॉपर टी बसवून घे, नाहीतर ऑपरेशन करून घे, मगच करू.

यानंतर फॉर्म भरायचा. त्यात कारण लागतं, आणि "मला नको आहे" हे कायद्यातलं कारण नाही. जिवाला धोका, शरीराच्या किंवा मनाच्या आरोग्याला गंभीर इजा, गर्भात मोठा दोष, बलात्कार, किंवा गर्भनिरोधक फसणं, यांपैकी एक हवं. मग बहुतेकांचं गर्भनिरोधक फसलेलं असतं. डॉक्टरलाही ठाऊक असतं की घरात निरोधचं पाकीट कधी आलेलं नाही. दोघं मिळून एक खोटं कागदावर उतरवतात आणि काम होतं. सज्जन डॉक्टर ही खूण न सांगता करतो, दुसरा त्याचे पैसे लावतो. 2021 पर्यंत ही खोटं बोलायची सोयसुद्धा विवाहितेपुरती होती. कायद्यात "विवाहित स्त्री किंवा तिचा पती" असे शब्द होते. त्या वर्षीच्या दुरुस्तीने तिथे "स्त्री किंवा तिचा जोडीदार" असं आलं. अविवाहित मुलीचंही गर्भनिरोधक फसू शकतं हे संसदेला कळायला पन्नास वर्षं लागली.

यावर गर्भपाताला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं, आणि ते गंभीरपणे घ्यायला हवं: फॉर्म, सह्या, अटी हे सगळं असायलाच हवं, कारण इथे एक जीव आहे. दाढ काढणं आणि गर्भ काढणं एक नव्हे. मला हे मान्य आहे. स्त्रीहक्कांच्या बाजूने बोलणारे कधी कधी गर्भ म्हणजे पेशींचा गोळा एवढंच बोलून थांबतात. त्याने वाद जिंकल्यासारखा वाटतो, पण ज्या बाईने तो निर्णय घेतलेला असतो तिला ते पटत नाही. हवा असलेला गर्भ चौथ्या महिन्यात गेला की घर रडतं. काहीच नव्हतं तर रडतं कशाला?

पण पहिल्या दिवसापासून पूर्ण माणूसच होता म्हणावं, तर तसंही आपण वागत नाही. तिसरा महिना पुरा होईपर्यंत कुणाला सांगू नये, असं आजही सासू सांगते. डोहाळजेवणाचा थाट सातव्या महिन्यात होतो. धर्मशास्त्राचा दाखला घ्यायचा तर मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गर्भ गळाल्यावर बाईला किती दिवसांचं अशौच ते दिलं आहे: जितके महिने, तितक्या रात्री. तिसऱ्या महिन्यात गेला तर तीन, पाचव्यात गेला तर पाच. जन्मलेल्या माणसाच्या मृत्यूचं सुतक दहा दिवसांचं. दात न आलेल्या तान्ह्या मुलाला दहन नाही, मूठमाती. मनुस्मृतीकडून स्त्रीच्या बाजूचं काही ऐकायची माझी सवय नाही, पण या हिशेबात एक स्वच्छ समज आहे. गर्भाचं मोल एका क्षणात शून्यावरून शंभरावर जात नाही. ते महिन्यामहिन्याने वाढतं, आणि हळहळही त्याच मापाने वाढते. गर्भोपनिषदात गर्भाचा जीवाशी योग सातव्या महिन्यात होतो. इस्लामी धर्मशास्त्रज्ञांच्या मोठ्या परंपरेत गर्भात प्राण फुंकला जातो तो 120 दिवसांनी. आज सर्वांत कडक भूमिका घेणाऱ्या कॅथलिक चर्चच्याच महान आचार्याने, थॉमस अक्वायनसने, मानवी आत्मा गर्भधारणेनंतर काही काळाने येतो असं मानलं होतं. आकार न आलेला आणि आकार आलेला गर्भ यांच्या शिक्षेतला भेद चर्चने कायमचा मिटवला तो 1869 साली. याच परंपरांनी गर्भपाताला पाप म्हटलं हेही तितकंच खरं. आपल्या शास्त्रांनी तर भ्रूणहत्या घोर पातकांच्या पंगतीत बसवली. पण निषेध करतानासुद्धा पायऱ्या होत्या. "पहिल्या क्षणापासून संपूर्ण माणूस" हा आग्रह सनातन वगैरे नाही, बराचसा अलीकडचा आहे.

आणि ज्यांनी निषेध केला त्यांच्याच घरांत काय चाललं होतं, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते कुणासाठी? केस कापून कोपऱ्यात बसवलेल्या, आणि घरातल्याच पुरुषाने फसवलेल्या विधवांसाठी. 1881 मध्ये सुरतेत एका तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली. त्यावर वर्तमानपत्रांनी बायकांच्या अनीतीवर जे तोंडसुख घेतलं, त्याने संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. ताराबाईंचा रोख मूल मारणं योग्य की अयोग्य यावर नाहीच. पुनर्विवाह बंद कुणी केला, बाईला एकटी कुणी पाडली, आणि न्यायाला बसलाय कोण, असं त्या विचारतात. नोव्हेंबर 1938 मध्ये मुंबई विधानसभेत आमदार रोहमांनी मांडलेल्या संततिनियमनाच्या ठरावासाठी डॉ. आंबेडकरांनी भाषण तयार केलं, त्यात हाच रोख वेगळ्या वळणाने आला: बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मूल व्हायला त्यांच्यातला एकही तयार झाला नसता. ठराव फेटाळला गेला, हे वेगळं सांगायला नको.

गर्भाला मोल आहे हे मान्य केल्यावरही वाद संपत नाही. खरा वाद तिथून सुरू होतो. ज्या वर्षी आपला कायदा झाला त्याच 1971 साली ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी एक निबंध लिहिला. त्यांनी विरोधकांना सगळं देऊन टाकलं: धरून चला की गर्भ पूर्ण माणूस आहे. तरी एका माणसाला जगण्याचा हक्क आहे म्हणून दुसऱ्याचं शरीर नऊ महिने वापरण्याचा हक्क त्याला मिळतो का? त्यांचा दाखला जगण्यासाठी दुसऱ्याच्या शरीराला जोडलेल्या एका बेशुद्ध व्हायोलिनवादकाचा होता. आपल्याला इतक्या लांब जायची गरज नाही. आपल्या 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार पोटच्या पोराला मूत्रपिंड हवं असलं, ते बापाचं जुळत असलं आणि दिल्याशिवाय पोरगं जगणार नसलं, तरी बापावर सक्ती करता येत नाही. तो नाही म्हणाला तर आपण त्याला दगडाच्या काळजाचा म्हणू, पण पोलीस त्याला उचलून ऑपरेशन टेबलावर झोपवणार नाहीत. जन्मलेल्या, चालत्याबोलत्या मुलासाठी जी सक्ती बापावर नाही, ती न जन्मलेल्यासाठी आईवर का? "तिने संबंध ठेवला ना, मग भोगावं" हे उत्तर असेल, तर मग मुद्दा जिवाचा राहिला नाही. तो शिक्षेचा झाला. थॉमसनबाईंचा युक्तिवाद सगळीकडे पुरत नाही, हे खरं. सात महिने वाढवलेला, बाहेर काढला तर जगू शकेल असा गर्भ, तिथे तो लंगडा पडतो. पण पहिल्या काही महिन्यांत, जिथे बहुतेक सगळे गर्भपात होतात, तिथे त्याला उत्तर मिळालेलं मी तरी वाचलेलं नाही.

आपली घटना याबद्दल थेट काही बोलत नाही. कलम 21 मध्ये जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य आहे, आणि बाकीचं न्यायालयांनी त्यातून काढलं आहे. 2009 च्या सुचिता श्रीवास्तव खटल्यात प्रश्न होता चंदीगडच्या शासकीय आश्रयगृहातल्या एका मतिमंद, अनाथ तरुणीचा. तिथेच तिच्यावर अत्याचार झाला होता. तिला मूल हवं होतं, प्रशासनाला ते नको होतं. सर्वोच्च न्यायालयाने तिचं ऐकलं आणि सांगितलं की मूल होऊ देणं किंवा न देणं ही निवड कलम 21 च्या स्वातंत्र्याचा भाग आहे. आपल्याकडे प्रजननाच्या हक्काचा पाया घातला गेला तो गर्भपात नाकारणाऱ्या मुलीच्या बाजूने, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गर्भ ठेवायलाही तोच हक्क लागतो आणि काढायलाही तोच. 2017 मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवताना हा धागा पक्का केला. 29 सप्टेंबर 2022 ला न्या. धनंजय चंद्रचूड, बोपण्णा आणि पारडीवाला यांच्या पीठाने आणखी पुढचं पाऊल टाकलं: कायद्याने काही गटांतल्या बायकांना दिलेली 20 ते 24 आठवड्यांची सवलत अविवाहितेला नाकारणं समानतेच्या विरुद्ध आहे, आणि या कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कारच. डॉब्जनंतर तीन महिन्यांनी आलेला हा निकाल. आता खरोखर अभिमान वाटावा असं काही घडलं होतं.

तो अभिमान वर्षभर टिकला. ऑक्टोबर 2023 मध्ये सत्तावीस वर्षांची एक विवाहित बाई त्याच न्यायालयात आली. दोन मुलं, धाकटं अंगावर पिणारं. अंगावर पाजताना पाळी येत नाही म्हणून दिवस गेल्याचं तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा सहावा महिना उजाडला होता. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला मानसिक आजाराने ग्रासलं होतं, त्यावर औषधं चालू होती. तिसरं आपल्याला झेपणार नाही, असं तिचं म्हणणं. 9 ऑक्टोबरला न्या. हिमा कोहली आणि न्या. नागरत्ना यांनी परवानगी दिली. मग दिल्लीच्या एम्समधल्या एका डॉक्टरचा ईमेल आला: गर्भ जगू शकेल अशा अवस्थेत आहे, आधी त्याचं हृदय थांबवायचं का ते न्यायालयाने सांगावं. 11 तारखेला पीठ दुभंगलं. न्या. कोहलींचं मन तयार होईना; न्या. नागरत्नांनी सांगितलं की बाई काय म्हणते हेच निर्णायक आहे आणि दिलेला आदेश मागे घ्यायचं कारण नाही. प्रकरण तोवर सरन्यायाधीश झालेल्या चंद्रचूड यांच्या तीन सदस्यांच्या पीठापुढे गेलं आणि 16 ऑक्टोबरला परवानगी नाकारली गेली. 26 आठवडे 5 दिवस झाले आहेत, 24 ची मर्यादा ओलांडली आहे, गर्भात दोष नाही, आईच्या जिवाला तातडीचा धोका नाही. बाळंतपणाचा खर्च सरकार करेल, मूल दत्तक द्यायचं तर तीही सोय होईल.

हा निकाल क्रूर होता असं मी म्हणणार नाही. त्या डॉक्टरचा प्रश्न खरा होता आणि न्या. कोहलींची घालमेलही. मी वर ज्या पायऱ्या सांगितल्या, त्यांतली ही फार वरची पायरी. पण निकालाचा रस्ता बघा. 2022 मध्ये ज्यांनी शरीरावरच्या स्वायत्ततेबद्दल पानंच्या पानं लिहिली, त्याच सरन्यायाधीशांच्या पीठाने प्रत्यक्ष बाई समोर आल्यावर कायद्याचं कोष्टक उघडलं आणि तिला कोणत्या रकान्यात बसवता येतं ते पाहिलं. कलम 21 चं स्वातंत्र्य भाषणात होतं, निकालात कायद्यातले 24 आठवडे होते. एप्रिल 2024 मध्ये मुंबई परिसरातली अत्याचारातून गर्भवती झालेली चौदा वर्षांची मुलगी आली, तेव्हा उच्च न्यायालयाने नाही म्हटलं, सर्वोच्च न्यायालयाने हो म्हटलं आणि काही दिवसांत, पालकांचं मन बदललं म्हणून, स्वतःचा आदेश मागे घेतला. तेव्हा तिला तीसच्या वर आठवडे झाले होते. हा कुठल्या न्यायमूर्तींचा दोष नाही. जे काम न्यायालयाचं नाहीच, ते त्यांच्या दारात येऊन पडतं आणि दर तारखेला गर्भ वाढत राहतो.

सुनावण्यांत न जन्मलेल्या बाळाच्या हक्कांची भाषा हल्ली वरचेवर ऐकू येते. ती घटनेत घातली की काय होतं, ते आयर्लंडने करून पाहिलं. 1983 मध्ये त्यांनी आठवी घटनादुरुस्ती करून गर्भाच्या जीविताचा हक्क आईच्या बरोबरीने मांडला. ऑक्टोबर 2012 मध्ये बेळगावहून तिकडे गेलेली एकतीस वर्षांची एक दंतवैद्य सतराव्या आठवड्यात गॉलवेच्या इस्पितळात दाखल झाली. गर्भ वाचणार नव्हता, हे डॉक्टर कबूल करत होते. ती आणि तिचा नवरा विनवत होते. पण गर्भाचे ठोके चालू होते, म्हणून डॉक्टर थांबले. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि ती गेली. बेळगावातल्या तिच्या आईवडिलांचा आक्रोश आपल्या वाहिन्यांनी दाखवला होता. मे 2018 मध्ये सुमारे 66 टक्के आयरिश मतदारांनी ती दुरुस्ती काढून टाकली.

आपल्याकडे मात्र गोष्ट आणखी एका कारणाने गुंतली आहे, आणि त्या कारणाचं माहेर महाराष्ट्र. मुंबईतल्या स्त्री संघटनांनी ऐंशीच्या दशकात गर्भजलचाचणीविरुद्ध चळवळ केली, 1988 मध्ये गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा इथे झाला, 1994 मध्ये केंद्राने तो उचलला. त्या कायद्याची रचना नामी होती. त्याने चाचणीला हात घातला, गर्भपाताला नाही. शिवाय चाचणी करून घेणाऱ्या बाईवर घरच्यांनी सक्ती केली असंच गृहीत धरलं. म्हणजे बाईचा निर्णय बाईकडे, आणि मुलगा-मुलगी निवडायचं यंत्र बंद. दोन्ही तत्त्वं एकमेकांना न दुखावता उभी होती. मग 2011 च्या जनगणनेत राज्यातलं शून्य ते सहा वयोगटातलं प्रमाण हजार मुलग्यांमागे 894 मुली निघालं, बीडमध्ये 807. परळीतल्या डॉक्टरचं बेकायदा गर्भपाताचं प्रकरण गाजलं. प्रशासनाला काहीतरी करून दाखवायचं होतं, आणि सोनोग्राफीवाल्या बड्या डॉक्टरला पकडण्यापेक्षा गर्भपातच अवघड करणं सोपं होतं. भिंतीभिंतींवर पोटातलं बाळ "आई, मला मारू नकोस" म्हणू लागलं. बापाला, सासूला, वारस मागणाऱ्या जमिनीला त्या बाळाने काही विचारलेलं मी कुठल्या भिंतीवर वाचलं नाही. गर्भपाताच्या गोळ्यांवर अन्न व औषध प्रशासनाच्या धाडी पडू लागल्या आणि अनेक दुकानदारांनी कटकट नको म्हणून त्या ठेवणंच सोडलं. या गोळ्या नियमाप्रमाणे फार तर नवव्या आठवड्यापर्यंत घ्यायच्या. नवव्या आठवड्यात सोनोग्राफीत लिंग कळत नाही. मुलगी म्हणून पाडायचं तर आधी कळायला हवं ना! एवढा साधा हिशेब न करता, सर्वांत लवकरचा आणि सर्वांत सुरक्षित मार्ग बंद करून आपण बायकांना पुढच्या महिन्यात ढकललं, जिथे लिंगही कळतं आणि धोकाही वाढतो.

लिंगनिवडीपेक्षाही मला अडचणीत टाकणारा प्रश्न दुसराच आहे. 2008 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एक जोडपं आणि डॉ. निखिल दातार गेले. गर्भाच्या हृदयात दोष निघाला होता, विसाव्या आठवड्याची तेव्हाची मर्यादा उलटून गेली होती. न्यायालयाने नाही म्हटलं. गर्भातले दोष दाखवणारी सोनोग्राफी होते अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास, आणि कायदा विसाव्यालाच दार लावत होता. हा वेडेपणा 2021 च्या दुरुस्तीने संपवला. आता मोठा दोष असेल आणि वैद्यकीय मंडळाने तसं म्हटलं तर वरची मर्यादाच नाही. दातारांच्या लढ्याचं हे यश मोठं आहे. पण कायदा आता काय म्हणतो, ते नीट ऐका: 24 आठवड्यांनंतर गर्भ इतका मोलाचा की आईच्या मनाची पडझडही त्याच्यापुढे हलकी, मात्र तो अपंग होणार असेल तर त्याचं मोल कधीही शून्य. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारे लोक यावर चिडतात आणि त्यांचं चुकत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाने हे कलम वाचलं तर त्याने स्वतःबद्दल काय समजावं?

यावर ते दार बंद करणं हा उपाय नव्हे. मेंदूच न घडलेला गर्भ नऊ महिने वागवायला लावणं हा अत्याचारच आहे. माझ्या मते चूक आहे ती कारणांची यादी ठेवण्यात. राज्याने यादी ठेवली की त्याला प्रत्येक कारणाचं वजन करावं लागतं, आणि मग कोणता जीव कमी मोलाचा हेही त्यालाच ठरवावं लागतं. बाईच्या परिस्थितीकडे पाहून जो निर्णय डॉक्टर आणि ती मिळून घेतील, त्यात अपंग मूल वाढवायला ना शाळा, ना पैसा, ना नवऱ्याचा आधार, हे येणारच. पण तो तिच्या आयुष्याबद्दलचा निर्णय असेल, अपंगांच्या लायकीबद्दलचा सरकारी दाखला नसेल. कारण न विचारलेला गर्भपात कुणी लिंगनिवडीसाठी वापरेल, हा धोका उरतो. तो मला पूर्णपणे उडवून लावता येत नाही. त्यावरचं हत्यार चाचणीबंदीचाच कायदा आहे आणि तो नीट वापरला गेलेला नाही, एवढंच म्हणता येतं.

"असं सगळं मोकळं सोडलं तर आठव्या महिन्यात बायका रांगा लावतील," ही भीती नेहमी घातली जाते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये मॉर्गेंटेलर खटल्यात तिथला गर्भपाताचा फौजदारी कायदा रद्द केला. त्यानंतर तिथे तसा कायदाच नाही. जे काही आहे ते वैद्यकीय शिस्तीत आणि दवाखान्यांच्या नियमांत. उशिराचे गर्भपात तिथे विरळच आहेत. उशीर कुणी हौसेने करत नाही. आपल्याकडे उशीर होतो तो पोरीला काय झालंय हे समजत नाही म्हणून, घरच्यांना सांगायची छाती होत नाही म्हणून, प्राथमिक आरोग्य केंद्रात या कामाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर नसतो म्हणून, जिल्ह्याच्या गावी जायला एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी सोडावी लागते म्हणून, आणि वर सांगितलेल्या त्या नवऱ्याच्या सहीसाठी.

तोवर बायकांनी आपापला मार्ग काढला आहे. लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा की 2015 या एका वर्षात भारतात सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले. त्यांतले 73 टक्के गोळ्यांनी, दवाखान्याबाहेर. काहींच्या हातात डॉक्टरची चिठ्ठी असेल. पुष्कळ जणींनी औषधाच्या दुकानात नवऱ्याला किंवा मैत्रिणीला पाठवून पाकीट मागवलं आणि घरी रक्तस्राव सोसला. रो, डॉब्ज, कलम 21, वैद्यकीय मंडळं, 24 आठवडे, हा सगळा वाद ज्या दवाखान्यात चालला आहे, तिथे यांतल्या बहुतेक जणी आल्याच नाहीत.

आणि कायद्याच्या नजरेत त्या कोण आहेत? 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, गुलामगिरीच्या खुणा पुसल्या म्हणून तिचा मोठा गाजावाजा झाला. तिच्या कलम 88 मध्ये 1860 च्या दंडसंहितेचं कलम 312 जवळपास जसंच्या तसं येऊन बसलं आहे. बाईचा जीव वाचवण्याच्या हेतूने सोडून गर्भपात घडवून आणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भाची हालचाल जाणवू लागली असेल तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. खाली स्पष्टीकरण: स्वतःचा गर्भ स्वतः पाडणारी स्त्रीही या कलमात धरली जाईल. घरी गोळी घेतलेल्या बाईवर खटले सहसा होत नाहीत, म्हणून हे खपून जातं. पण ते पुस्तकात असतं म्हणूनच रक्तस्राव थांबत नसताना ती दवाखान्यात उशिरा जाते आणि "आपोआप झालं" म्हणून सांगते. आणि तिच्याशी भांडलेल्या नवऱ्याच्या, दिराच्या, गावातल्या कुणाच्याही हातात ते धमकीसारखं राहतं. पुढचंच कलम 89 बाईच्या संमतीशिवाय गर्भपात करवणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा देतं. ते हवंच, मुलगी आहे म्हणून सुनेला टेबलावर झोपवणाऱ्यांसाठी ते आणखी कडकपणे वापरायला हवं. कलम 88 चं ते स्पष्टीकरण मात्र संसदेला एका ओळीच्या दुरुस्तीत काढता येईल, आणि त्याच अधिवेशनात 1971 च्या कायद्यात निदान बारा आठवड्यांपर्यंत "स्त्रीने मागितल्यास" एवढे दोन शब्द घालता येतील.